दगडाचं माहेर

नांदेड, ११ जानेवारी २०२६

गंधार,

मायना शोधत बसत नाही. फोन तू उचलत नाहीस, मेल वाचून गप्प बसतोस, म्हणून हे रजिस्टर पोस्टाने तुझ्या हैदराबादच्या संस्थेच्या पत्त्यावर पाठवते आहे. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालंच नाही म्हणायची सोय उरणार नाही.

नोव्हेंबरात लातूरच्या पेपरात तुझी मुलाखत आली, ती मला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दुसऱ्यांनी दाखवली. स्वतःच्या नवऱ्याचा पराक्रम बायकोला दुसऱ्यांकडून कळतो, ही आता सवयीची गोष्ट झाली. 'चाकूरजवळ सापडली महाखंडाची खूण' असा मथळा आणि खाली फोटो. फोटोत आमच्या कुरणवाडीची देवी. शेंदूर फासलेला अनघड दगड, ज्याला आम्ही तांदळा म्हणतो, आणि त्याला टेकवून ठेवलेली तुझी हातोडी. खडक केवढा आहे ते कळावं म्हणून फोटोत हातोडी ठेवायची आपल्या भूविज्ञानाच्या धंद्यातली रीत मला माहीत आहे, मीही पोरांना तेच शिकवते. कुरणवाडीला ती रीत माहीत नाही. त्यांना दिसलं ते एवढंच की सिंधुबाईच्या जावयाने देवीच्या अंगाला हातोडी लावली.

आणि नुसती लावली नाही, टवका काढला. अडीच वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यात आईने तुला धोंडे खायला बोलावलं होतं. मी नांदेडला पेपर तपासणीत अडकले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. आईने तुला देवीच्या पाया पडायला नेलं. तू म्हणालास, तुम्ही व्हा पुढे, मी जरा बसतो. जावई देवीपुढे किती वेळ डोळे मिटून बसला, हे आई पुढे वर्षभर गावात कौतुकाने सांगत होती. तू कशाला बसला होतास ते आता सगळ्या तालुक्याला कळलं आहे.

मग तुझा शोधनिबंध मिळवून वाचला. दुसरं नाव माझं! मला न विचारता, न दाखवता. लातूर जिल्ह्यावर पसरलेल्या काळ्या बेसॉल्टला चाकूरजवळ एक खिडकी आहे आणि तिच्यातून खालचा अतिप्राचीन रूपांतरित खडक वर डोकावतो, असा तुझा दावा. त्यातल्या गार्नेटच्या, आपल्या तामड्याच्या, लाल दाण्यांवरून तू एक पर्वतरांग उभी केलीस, देगलूरकडून ती शंभरेक किलोमीटर पश्चिमेला ओढून आणलीस आणि एका जुन्या महाखंडाच्या जुळणीत बसवून मोकळा झालास. एवढा डोलारा एका दगडावर. आणि तो दगड मुळात तिथलाच, याला पुरावा काय? माझी आई. 'स्थानिक ज्येष्ठ रहिवासी सिंधुबाई यांच्या सांगण्यानुसार हा दगड स्वयंभू असून पूर्वापार याच जागी आहे.' हेच वाक्य तू मुलाखतीतही दिलंस.

त्या वाक्याने काय झालं ते वाच. आमच्या देवीला माहेर आहे, देगलूरच्या पलीकडचं कोंडलापूर. आमचे पूर्वज दुष्काळात तिथून निघाले तेव्हा तिला बैलगाडीत घालून आणलं. दर चैत्र पौर्णिमेला कोंडलापूरची माणसं लेकीला साडीचोळी घेऊन येतात, ती साडी नेसवली की पहिली ओटी भरायचा मान आमच्या घराचा, म्हणजे आईचा. बाबा गेले तेव्हा काही जणांनी कुरकुर केली होती की विधवेने ओटी कशी भरायची. त्या वेळी कोंडलापूरच्याच लोकांनी सांगितलं, लेकीची ओटी आई भरते, तिचं कुंकू कोण बघतं? तेव्हापासून सगळे गप्प होते. आता त्याच कोंडलापूरने निरोप धाडला आहे की लेक स्वयंभू झाली असेल तर तिला आमची साडी कशाला. गावाने आईला विचारलं, तू असं बोललीस का. आई म्हणाली, बोलले असेन. यंदा तिने ओटीला पुढे यायचं नाही असं ठरलं.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. निबंध मागे घे. आणि आई तुला नेमकं काय म्हणाली होती ते सरळ लिहून कळव. ती स्वतःच्या तोंडाने देवीचं माहेर नाकारेल, हे मला मेले तरी पटणार नाही.

वर्षाराणी

&nbsp;

नांदेड, २५ जानेवारी २०२६

गंधार,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, समास सोडून, मुद्दे पाडून. बायकोला लिहितो आहेस की परीक्षकांना?

तुझं म्हणणं असं की मराठवाड्यातल्या दर तिसऱ्या गावची देवी कुठून तरी आलेली असते. भक्त पुढे चालतो, देवी मागून येते, भक्त न राहवून मागे वळून बघतो आणि देवी तिथेच थांबते. कोंडलापूरची गोष्ट त्यातलीच एक, आणि लोककथांवर शास्त्र चालत नाही. वा! नाकाने कांदे सोलावेत तर तुझ्यासारख्याने. अरे, आमच्या गोष्टीत कोणी मागे वळून बघत नाही. आमच्या गोष्टीत गाडीचा आख मोडतो. बैल बसतो, माणसं वैतागतात, पाऊस तोंडावर येतो आणि जिथे गाडी मोडली तिथेच देवी उतरवून घेतात. चमत्कार एवढासुद्धा नाही. असली रटाळ गोष्ट कोणी रचून सांगत नसतं, एवढं तरी तुझ्या डोक्यात यायला हवं होतं.

आणि लोककथांवर शास्त्र चालत नाही तर आईचं वाक्य निबंधात काय करतंय? सगळं गाव सांगतं ती लोककथा, आणि तुला सोयीचं तेवढं 'स्थानिक माहिती'?

बरं, सोड आईला, सोड गावाला. शास्त्रावर ये. तांदळ्यापासून हाकेच्या अंतरावर वैजनाथकाकांची विहीर आहे. तिथे तू अंघोळ केली आहेस. त्या विहिरीला वरपासून तळापर्यंत काळा दगड आहे, थरावर थर, कोणत्याही शाळेच्या पोराला दाखवता येईल असा. पुढे त्यांनी बोअर मारली, तिच्यातूनही शेवटपर्यंत काळाच चुरा आला. किल्लारीला भूकंपानंतर खोल भोक घेतलं तेव्हा बेसॉल्टखालचा तो जुना खडक लागायला तीनशे मीटरच्याही खाली जावं लागलं, हे तूच मला एमएस्सीला असताना समजावलं होतंस. आणि चाकूरला तो आपण होऊन ज्वारीच्या रानात येऊन उभा राहिला, कडेला ना भेग ना चढ? हातच्या कांकणाला आरसा कशाला? विहिरीत वाकून बघायला तुला कोणाची परवानगी लागणार नव्हती. पण बघितलं असतंस तर निबंध झाला नसता.

मला चीड कशाची येते सांगू? दगड खरा आहे. मी तुझे सूक्ष्मदर्शकाचे फोटो पाहिले. तामड्याच्या दाण्यांच्या पोटात काळ्या कणांची वळलेली रांग आहे, दाणा वाढता वाढता फिरत गेल्याची. जमिनीखाली वीस-पंचवीस किलोमीटरवर, दोन खंड एकमेकांना रेटत असताना, वर डोंगर चढत असताना तो दाणा तिथे दाबाखाली फिरत होता. डोंगर झिजून गेले, खंड जोडले आणि पुन्हा फाटले, आणि त्यांच्या मुळाचं हे एक ढेकूळ उघड्यावर आलं. त्यावर माझी आई लहानपणापासून मला डोकं टेकवायला लावत होती. मला हे तुझ्याकडून ऐकायला आवडलं असतं, तिथे बसून, तिच्या समोर. तू त्याचा टवका खिशात घालून नेलास. दगड खरा, वय खरं असेल, पत्ता मात्र खोटा आहे. खोट्या पत्त्यावर तू नकाशा सरकवलास.

आई तुला काय म्हणाली, या प्रश्नाला तुझ्या पाच मुद्द्यांत कुठेच उत्तर नाही. पुन्हा विचारते आहे.

वर्षाराणी

&nbsp;

नांदेड, ८ फेब्रुवारी २०२६

गंधार,

मागच्या रविवारी कोंडलापूरला जाऊन आले. एकटी. नायगाव सोडलं की काळा दगड विरळ होत जातो आणि देगलूरच्या पुढे तर नजर बदलते, गुलाबी-करडे गोटे एकमेकांवर रचल्यासारखे. आपण लग्नाआधी त्याच रस्त्याने मोटारसायकलवर फिरलो होतो. तेव्हा तू दर टेकडीला उतरायचास. हल्ली तू नुसत्या निष्कर्षाला उतरतोस.

तिथल्या महादेवप्पांकडे गेले. देवीची साडी तेच आणतात. म्हातारे आहेत, मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पाणी दिलं, पण बस म्हणाले नाहीत. मी तशीच उभी राहून सगळं सांगितलं. माझ्या आईच्या नावावर छापलेलं मला खरं वाटत नाही आणि मी जागा बघायला आले आहे, हेही सांगितलं. त्यांनी काठी उचलली, पायात चपला घातल्या. मग म्हणाले:

"अव्वा, पोरगी नांदायला गेली म्हणून तिचं घर मोडून टाकतो का कोणी? चल, दावतो."

गावामागे टेकडी आहे, ते तिला गुट्टा म्हणतात. वर एके ठिकाणी खडकात आडवा खळगा आहे, पेटीएवढा, आणि त्यात पणती. त्याला ते लेकीची जागा म्हणतात. दर पौर्णिमेला तिथे दिवा लागतो. खळग्याच्या कडेला पाचर ठोकून दगड फोडण्यासाठी पाडतात तशा खाचांची ओळ आहे. अर्ध्या खाचा. फुटलेल्या दगडाबरोबर दुसरा अर्धा भाग गेला.

गेला कुठे ते मला माहीत आहे, गंधार, आणि कुरणवाडीतल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. देवीला तेल लावताना तिच्या पाठीवरच्या खाचांमध्ये आम्ही हळदीची बोटं रोवायचो. तू तिची पाठ पाहिलीच नाहीस, कारण ती साडीखाली असते. मी खळग्याच्या कडेवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतला आणि तिथून सरळ कुरणवाडी गाठली. गुरव दगडोबा आहेत, त्यांनी कुरकुरत का होईना साडी थोडी सरकवली. ठसा पाठीशी धरला. खाच खाचेला बसली, अंतर अंतराला बसलं. दगडोबांनी दोनदा हात फिरवून बघितला आणि मलाच विचारलं, यात तपासायचं काय होतं?

महादेवप्पांच्या परवानगीने खळग्याजवळचा सुटा पडलेला तुकडा आणला आहे. कॉलेजच्या यंत्रावर त्याचे पातळ काप केले. तामड्याचे तेच दाणे, पोटात तीच वळलेली रांग. आता तू म्हणशील, पर्वतरांग एकच होती, दोन्हीकडे सारखा खडक असणारच. म्हण. पण पाचरीच्या खाचाही महाखंडाबरोबर चाकूरपर्यंत सरकल्या, असं लिहायला तुझा हात धजावतो का ते मला बघायचं आहे.

ठशाचे आणि कापांचे फोटो सोबत आहेत.

वर्षाराणी

&nbsp;

नांदेड, ८ मार्च २०२६

गंधार,

कॉलेजात काल, एक दिवस आधीच, महिला दिनाचा गुलाब मिळाला आणि घरी आले तर तुझं पत्र. हाताने लिहिलेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं.

खाचांबद्दल एक अक्षर नाही. विहिरीबद्दल नाही. म्हणजे तुला मान्य आहे. मान्य आहे म्हणूनच मुद्दे संपले आणि प्रेम सुरू झालं.

तू लिहितोस, एप्रिलमध्ये कायम पदाची मुलाखत आहे, ती होईपर्यंत थांब. नंतर आपण दोघं मिळून 'पुरवणी टिपण' लिहू, सगळं सावकाश दुरुस्त करू. पद मिळालं की संस्थेचं घर मिळेल, हैदराबादला माझ्यासाठी नोकरी बघता येईल, आणि आपण 'पुन्हा नीट सुरू करू'. तुझे वडील रेणुकादासकाका माझी आठवण काढतात असंही लिहिलं आहेस. काढत असतील. ते बिचारे महिन्यातून एकदा माझ्याकडे येतात, चहा घेतात, तुझा विषय निघाला की चष्मा पुसायला लागतात. त्यांना यात ओढू नकोस.

खोटं कशाला बोलू, पत्र मी दोनदा वाचलं. 'पुन्हा नीट सुरू करू' हे शब्द तुझ्याकडून यावेत म्हणून मी दोन वर्षं वाट पाहिली. तू हैदराबादला गेलास तेव्हा मी इथली कायम नोकरी सोडली नाही, हा माझा गुन्हा ठरला. तू आधी आठवड्याला यायचास, मग सणाला, मग यायचंच बंद केलंस. तेव्हा हे चार शब्द आले असते तर मी चालत आले असते. आणि आता तू ते काढलेस कशासाठी, तर माझं तोंड बंद करायला. इतका राग मला हातोडीच्या फोटोचाही आला नव्हता.

मुलाखत एप्रिलमध्ये आहे, तशी चैत्र पौर्णिमाही एप्रिलमध्येच आहे. तुला पद मिळवायचं तर आईने त्या दिवशी मागच्या रांगेत उभं राहायचं. तिच्याकडे वाळीत टाकलेल्या बाईसारखं बघणाऱ्या बायकांच्या मागे. आणि एकदा सुटलेला मान परत मिळत नाही, विधवेच्या हाती तर नाहीच. बाबा गेले तेव्हा कुरकुर करणारे आता तोंडभरून बोलत आहेत. तुझं टिपण सावकाश येईल, पण तिला पुढच्या वर्षी बोलावणारं कोणी उरणार नाही.

पाडव्याला मी कुरणवाडीला जाणार आहे. त्याआधी निबंध मागे घेतल्याचं कळव. नाही कळवलंस तर दुसरं नाव माझं आहे, हे विसरू नकोस. ते तूच घातलं आहेस.

वर्षाराणी

&nbsp;

कुरणवाडी, २१ मार्च २०२६

गंधार,

तू माझा फोन उचलत नव्हतास, पण आईला फोन केला होतास.

काल कळलं. पाडव्याची पुरणपोळी झाली, दुसऱ्या दिवशी आई आणि मी अंगणात तुरीची डाळ पाखडत बसलो होतो. मी पुन्हा तोच विषय काढला. ती पुन्हा म्हणाली, गेलं असंल माझ्या तोंडून, सोड आता. मी सूप खाली ठेवलं आणि म्हटलं, आई, ठसा जुळला आहे, तुझा जावई खोटा पडला आहे, आता तू कोणासाठी खोटं बोलतेस? ती रडली नाही. सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली आणि खाली बघूनच बोलली.

"तुझ्यासाठी, आनखी कोणासाठी. मी त्यान्ला समदं सांगितलं व्हतं, कोंडलापूर बी, गाडी बी. ते नुसतं हूं हूं करत व्हते. पेपर आला त्या सांजंला त्यांचा फोन आला. म्हनले, आई, कोणी इचारलं तर तुमीच बोललात म्हना. न्हाईतर माझी नोकरी जाती, आन वर्षाला इकडं न्यायचं राहून जातं. मी म्हनलं, माझी ओटी गेली तर जाऊ दे, लेकीचं घर ऱ्हाईल."

गंधार, मी हे तिच्याच शब्दांत लिहिलं आहे, कारण तिचे शब्द जसेच्या तसे कसे लिहायचे ते तुला एकदा दिसावं.

तू माझ्या आईपुढे आमिष म्हणून मला टाकलंस. तुला माहीत होतं की माझा संसार हा एकच धागा ओढला की ती काहीही कबूल करेल. तिने चार महिने गावाची बोलणी खाल्ली, पाणवठ्यावर बायका उठून गेल्या ते सोसलं, कोंडलापूरच्या निरोप्यापुढे मान खाली घातली, आणि मला फोनवर दर वेळी विचारायची, जावईबापू काय म्हणतात? मला वाटायचं ती भाबडी आहे. ती तुझा सौदा पाळत होती. आणि तू बेइमान, तुझ्या मनात मला न्यायचं कधीच नव्हतं, हे तुझ्या मागच्या पत्राआधीच्या दोन वर्षांनी सांगितलं आहे.

तुझं उत्तर आलं नाही, आता नको आहे. आज सकाळी मी इथूनच नियतकालिकाच्या संपादकांना मेल केला. नमुना मूळ जागचा नाही, कोंडलापूरहून माणसांनी आणलेल्या दगडाचा आहे, स्थानिक माहिती म्हणून दिलेलं विधान खोटं आहे आणि माझं नाव माझ्या संमतीशिवाय घातलं आहे, असं लिहून ठसा, काप, विहिरीचे फोटो सगळं जोडलं. तीच प्रत तुझ्या संस्थेच्या प्रमुखांना. लातूरच्या पेपरलाही खुलासा पाठवला. त्यात आईच्या फोनबद्दल मी लिहिलेलं नाही. ते सांगायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं.

आईला हे मी मेल गेल्यावर सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

वर्षाराणी

&nbsp;

नांदेड, ५ एप्रिल २०२६

गंधार,

पौर्णिमा झाली. तुला कळवायला मी बांधील नाही, पण इतका वेळ सगळं तुलाच सांगितलं आहे, तेव्हा हेही सांगते.

कोंडलापूरची माणसं आली. पेपरातला खुलासा त्यांनी वाचला होता, महादेवप्पांनी तो घडी करून खिशात ठेवला होता. पण साडीचं बोचकं त्यांनी सोडलं नाही, मांडीवर धरून बसले. वैजनाथकाकांनी खुलासा सगळ्यांना वाचून दाखवला आणि गावाच्या वतीने म्हणाले की झाली ती चूक शिकलेल्या लोकांची होती, आता सिंधुवहिनींनी नेहमीसारखं पुढे यावं. बायकांनी वाट दिली. मला वाटलं, झालं. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं.

आई उठली, पण ओटीच्या ताटाला हात लावला नाही. देवीकडे पाठ करून लोकांकडे तोंड केलं. गेल्या दोन आठवड्यांत तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

"पेपरात लिहिलंय ते माझ्या लेकीचं. माझं मी सांगते. मी तसं बोलले नव्हते. जावयानं ते माझ्या तोंडात घातलं आन लेकीचं घर ऱ्हावं म्हणून मी ते गिळलं. तुमच्याम्होरं हाव म्हनले. देवीला माहेर न्हाई असं मी म्हनले, माझ्या लेकीचं सासर ऱ्हावं म्हणून. आता मान द्यायचा का न्हाई ते तुमी बघा."

मग महादेवप्पांनी बोचकं सोडलं, साडी काढली आणि दगडोबांकडे न देता आईच्या हातात दिली. नेसवायचं काम गुरवाचं असतं, आजवर तसंच चालत आलं. आईने नेसवली. पहिली ओटी तिनेच भरली. ज्या बाईने मागे सगळ्यात मोठ्याने कुरकुर केली होती ती शेवटपर्यंत बाजूला तोंड करून उभी होती, तिला मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

घरी आल्यावर मी आईचे पाय धरले. मला वाटलं आता तरी जवळ घेईल. तिने पाय काढून घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. म्हणाली, मला माझा मान मिळाला, तुला काय मिळालं? मग तिने ताट वाढलं, मी जेवले, आणि आम्ही दोघी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून झोपलो. ती अजूनही माझ्यावर रागावलेली आहे, आणि मी तुझ्यावर. तुझ्यामुळे दोन बायकांनी एकमेकींचं घर वाचवायचा प्रयत्न केला आणि दोघींचंही पुरतं वाचलं नाही.

संपादकांचं उत्तर आलं आहे, चौकशी सुरू केली म्हणतात. रेणुकादासकाका काल आले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, पोरी, मी तुझ्या आईकडे जाऊन येतो. मी नको म्हटलं, ते गेलेच. वकिलाकडून घटस्फोटाची कागदपत्रं तुला वेगळी येतील, त्यात भांडण नाही, सही कर.

तुझी मुलाखत याच आठवड्यात आहे असं त्यांच्याकडून कळलं. जा, दे. तुला पद मिळालं तरी मला आता काही वाटणार नाही. पण तिथे कोणी विचारलं की हा दगड तुम्हाला कोणी दाखवला, तर काय वाटेल ते सांग, आईचं नाव घेऊ नकोस.

वर्षाराणी